अंगणातलं लॉन: हरळी की कोरियन?

सांगलीच्या काळ्या जमिनीत माझं मत हरळीला. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर पिवळी पडते, पण मुळं जिवंत राहतात आणि वळवाचा पाऊस झाला की पुन्हा हिरवी होते. पोरं खेळली तरी चालतं. मात्र तिला भरपूर ऊन हवं. आंब्याखाली ती विरळच राहणार. शिवाय फुलझाडांच्या वाफ्यात घुसते, पावसाळ्यात वरचेवर कापावी लागते.

कोरियन गवत दाट, मऊ, गालिच्यासारखं. थोडी सावली सोसतं, कापणी कमी. पण फार सावकाश पसरतं आणि तोवर तण काढत बसावं लागतं.

गवत कुठलंही घ्या, आधी लव्हाळा हे जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटणारं तण संपवा. जमीन फूटभर खणून पाणी द्या, लव्हाळा उगवू द्या आणि गाठीसकट काढा. असं दोन-तीनदा करा, घाई करू नका. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा आणि घरापासून बाहेर उतार काढा. मग जूनच्या पावसात 4-4 इंचांवर गवताचे मुळासकट ठोंब टोचा.