डीन कुन्ट्झचं ‘फॉल्स मेमरी’: वाचून झाल्यावर काही महिन्यांनी

पावसाळ्यात हातात घेतलेलं हे पुस्तक दिवाळीनंतर संपलं, त्यानंतर बरेच भाग पुन्हा वाचले आणि आता लिहितेय. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर "जबरदस्त आहे, वाचाच" यापलीकडे काही लिहिता आलं नसतं. थोडे स्पॉयलर आहेत, आधीच सांगते.

अमेरिकन लेखक डीन कुन्ट्झची ही 1999 सालची, सहाशेहून जास्त पानांची थ्रिलर कादंबरी. गोष्ट दक्षिण कॅलिफोर्नियातली. मार्टी व्हिडिओ गेम डिझाइन करते, नवरा डस्टी रंगकामाची कंत्राटं घेतो, आणि मार्टीची मैत्रीण सुझनला अगोराफोबिया आहे, म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की धडधड सुरू, घाम, पाय उचलत नाहीत. मार्टी तिला आठवड्यातून दोनदा सायकियाट्रिस्टकडे घेऊन जाते. आणि एका सकाळी कुत्र्याला फिरवताना मार्टीला स्वतःच्याच सावलीची भीती वाटते, मग आरशात बघायची, आणि मग स्वतःच्या हातांची, की हे हात नवऱ्याला काहीतरी करतील.

माझ्या मते पुस्तकाचा सगळ्यात ताकदीचा भाग हाच. घरातल्या सुऱ्या, कात्र्या, जे जे टोकदार ते ते ती बाहेर काढत सुटते, साधी गाडीची किल्ली हातात आली तरी तिच्या डोक्यात नको ते चित्र येतं, आणि वाचताना आपणही आपल्या ओट्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. पानंच्या पानं जातात तरी दिवस संपत नाही. खूप जणांना हे संथ वाटेल, पण भीतीचा झटका आलेल्या माणसाचा वेळ असाच जातो, मिनिटामिनिटानं, त्यामुळे मला ही लांबी अजिबात खटकली नाही.

नंतर कळतं की ही भीती आपोआप आलेली नाही, कोणीतरी पेरलीय. आधी एक ठरावीक नाव उच्चारायचं, मग हायकूच्या, म्हणजे तीन ओळींच्या जपानी कवितेच्या ओळी, आणि समोरचा माणूस पूर्ण ताब्यात. कवयित्री शिरीष पै यांच्यामुळे हायकूची ओढ लागलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना खरंच त्रास झाला. इतक्या नाजूक गोष्टीचा असा वापर! पण लेखकानं तेवढ्यासाठीच हायकू निवडला असणार.

वाचता वाचता यातलं खरं किती हे शोधत गेले, आणि त्यानं पुस्तक आणखी अंगावर आलं. भीती पेरता येते हे खरं आहे. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या बाळासमोर पांढरा उंदीर ठेवून मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला, परत परत मारला, आणि आधी न घाबरणारं बाळ उंदीर दिसला की रडायला लागलं, पुढे सशालाही घाबरायला लागलं. खोटी आठवण घालता येते हेही खरं, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात साधारण चौथा हिस्सा लोकांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याचं थोडंफार ‘आठवलं’, जे घडलंच नव्हतं. पण एका वाक्यावर चालणारा माणूस? सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेनं 1953 पासून एमके-अल्ट्रा या गुप्त प्रयोगांमध्ये एलएसडी, संमोहन सगळं करून पाहिलं, लोकांना न सांगता औषधं दिली, 1973 मध्ये बरीचशी कागदपत्रं नष्ट केली, आणि तरी असा माणूस काही तयार झाला नाही. माणसं मोडली मात्र. याच प्रयोगांपैकी एकात, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉ. कॅमेरॉन या सायकियाट्रिस्टकडे लोक चिंता, नैराश्य घेऊन बरं व्हायला आले होते, त्यांना औषधांनी दिवसचे दिवस झोपवलं, शॉक दिले, एकच टेप हजारो वेळा ऐकवली, कित्येकांच्या आठवणी पुसल्या गेल्या. कादंबरीतलं रिमोट कंट्रोल खोटं असेल, पण विश्वासानं आलेल्या पेशंटचा डॉक्टरनेच घात करणं खोटं नाही, आणि मला वाटतं पुस्तकाची खरी भीती तिथेच आहे.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. ज्यांना "माझ्या हातून कोणाला इजा होईल का" असे विचार नको असताना येतात त्यांनी हे पुस्तक सध्या बाजूला ठेवा. असे विचार ओसीडीमध्ये, म्हणजे नको ते विचार परत परत येत राहण्याच्या आजारात येतात, ते त्या माणसाच्या स्वभावाच्या अगदी उलट असतात म्हणूनच इतके छळतात, आणि त्यावर उपचार आहेत. पुस्तकात थेरपिस्टचं जे चित्र आहे ते बघून कोणी मदत घ्यायचं टाळू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फुकट बोलता येतं, मराठीतही.

दुसरा अर्धा भाग तेवढा जमलेला नाही. खलनायकाच्या डोक्यात आपण फार वेळ राहतो, तो स्वतःच्याच हुशारीवर इतका खूश की एका टप्प्यानंतर कंटाळा येतो, आणि न्यू मेक्सिकोचा प्रवास, पाठलाग वगैरे नेहमीच्या थ्रिलरसारखं वाटतं. उपमांचा मारा पण आहे, इंग्रजी जड आहे, मी छापील प्रत सोडून ई-रीडरवर गेले कारण शब्दावर बोट ठेवलं की अर्थ मिळतो. रात्री वाचणं लवकरच बंद केलं, दुपारी वाचलं तर झोपेला धक्का लागत नाही.

सुरुवातीला कंटाळा आला तरी डस्टीचा सावत्र भाऊ स्कीट क्लिनिकमध्ये असतो आणि त्याच्या वहीत एकच नाव परत परत लिहिलेलं सापडतं, निदान तिथपर्यंत जा. डस्टी ते नाव मोठ्यानं उच्चारतो आणि स्कीट उत्तर देतो, त्यानंतर मला तरी पुस्तक खाली ठेवता आलं नाही.