व्हिएतनामी कान्ह: बरगडीचं की खिम्याचं?

व्हिएतनामी घरात भाताबरोबर वाढलं जाणारं पातळ सूप म्हणजे कान्ह. इथली दोन्ही डुकराच्या मांसाची.

बरगडी, बटाटा, गाजराचं कान्ह तासभर वेळ खातं. अर्धा किलो बरगडीचे तुकडे थंड पाण्यात घाला. उकळी आल्यावर 3 मिनिटांनी पाणी ओतून देऊन हाडं चोळून धुवा. ही पायरी टाळलीत तर रस्सा करडा, गढूळ होणारच. मग 2 लिटर ताज्या पाण्यात, झाकण तिरकं ठेवून, मंद आचेवर 45 मिनिटं. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधट दिसतो. त्यानंतर गाजर आधी, बटाटा 5 मिनिटांनी, नाहीतर तो विरघळतो.

कोहळा-खिम्याचं 20 मिनिटांत होतं: 150 ग्रॅम खिमा, 400 ग्रॅम कोहळा, सव्वा लिटर पाणी. उकळत्या पाण्यात खिम्याचे गोळे होतात. गार पाण्यात मोकळा करून मगच गॅस पेटवा. फेस काढा, कोहळ्याच्या फोडी घाला. त्या कडेने पारदर्शक झाल्या की गॅस बंद.

बरगडीचा रस्सा जास्त भरीव, हे खरं. तरी उन्हाळ्यात आणि रोजच्या जेवणाला आमची पसंती कोहळ्यालाच. फिश सॉस दोन्हींत शेवटी, चाखत घाला. वर कांद्याची पात आणि मिरपूड.