आजोबांची ट्रंक, सुटकेस प्लेअर आणि मग एलपी६०एक्स

आमच्या बेळगावच्या वडगावातल्या घरात माळ्यावर आजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती, आत रेकॉर्डी आहेत एवढंच माहीत, प्लेअर कधीच मोडीत गेलेला. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरवली आणि माझं डोकं फिरलं, आता हे वाजवायचंच. त्या नादात मी आधी प्लेअर घेतला आणि रेकॉर्डी नंतर नीट बघितल्या. म्हणून हे लिहायलोय, तुम्ही उलटं करा.

पहिला घेतला तो सुटकेस प्लेअर. ऑनलाईन, चार-साडेचार हजाराचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. (टर्नटेबल म्हणून शोधलं की अर्धे केक फिरवायचे स्टँड येतात, रेकॉर्ड प्लेअर म्हणून शोधा.) वर हँडल, आत स्पीकर, ३३, ४५, ७८ तिन्ही स्पीड (मिनिटाला रेकॉर्डीचे इतके फेरे), मला वाटलं सगळंच वाजतंय की, अजून काय पाहिजे. लावला, आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन मिनिटं सगळे खूश. मग आवाज वाढवला आणि सुई उड्या मारायला लागली. स्पीकर त्याच पेटीत, तो थरथरला की पेटी थरथरते आणि पेटीबरोबर सुईपण. काका म्हणाले, "वर एक रुपयाचं नाणं ठेव की, आम्ही तसंच करायचो." ठेवलं. उड्या थांबल्या. आणि महिनाभरात त्या एलपीच्या, म्हणजे मोठ्या १२ इंची रेकॉर्डीच्या, पहिल्या गाण्यात जिथं जिथं 'स' येतोय तिथं तिथं खर्र खर्र. असल्या प्लेअरात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो डबीसारखा भाग) असतंय, सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातोय, बऱ्या कार्ट्रिजला दोन-तीन ग्रॅम पुरतात. त्यात वरून मी तीन-चार ग्रॅमचं नाणं! आजोबांनी इतकी वर्षं जपलेली रेकॉर्ड मी महिन्यात घासली, अजून कुणाला सांगितलं नाही.

तो प्लेअर गेला भाच्याकडं. मग नीट वाचून ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स घेतला, मला वीस हजाराच्या आत पडला, भाव सारखे बदलतात तेव्हा घ्यायच्या दिवशी बघा. बेल्ट ड्राईव्ह आहे, म्हणजे मोटर बाजूला आणि रबरी पट्ट्यानं रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरते. हा पट्टा आपणच चढवायचा असतोय, थाळीच्या भोकातून बोट घालून मोटरच्या पितळी पुलीवर. मी मॅन्युअल न वाचता स्टार्ट दाबलं, मोटर आपली ऐटीत फिरायला लागली, थाळी आणि सुईचा दांडा मात्र ढिम्म. खराब माल आला म्हणून रिटर्न करणार होतो!

आता याचं खरं सुख. फुल ऑटोमॅटिक आहे. स्टार्ट दाबलं की दांडा स्वतः उठून जातोय, अलगद खाली उतरतोय, बाजू संपली की जागेवर परत येऊन मोटर बंद. आईला सुईला हात लावायची भीती वाटायची, आता दुपारी एकटी लावते. फक्त पुढं एक बटण आहे, १२ इंची की ७ इंची, ते बघायचं. एकदा छोटी ईपी ठेवली आणि बटण मोठ्यावरच राहिलं, सुई थेट फेल्टच्या चटईवर उतरली. आई बाहेरून ओरडायली, "अरे काय वाजवायलास, चटणी वाटल्यासारखं?"

दुसरं म्हणजे फोनो प्रीॲम्प आतच आहे. नवीन माणूस इथंच अडकतोय म्हणून सांगतो. रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम कमी करून आणि वरचे सूर वाढवून कोरलेले असतात, नाहीतर खाचा मावायच्या नाहीत. वाजवताना ते उलटं करून बसवायचं आणि सुईकडून येणारा दोन-चार मिलिव्होल्टचा सिग्नल मोठा करायचा, हे काम प्रीॲम्पचं. मागं फोनो आणि लाईन असा स्विच आहे. साध्या म्युझिक सिस्टीमच्या ऑक्सला जोडणार असाल तर लाईन. फोनोवर ठेवलं तर डास गायल्यासारखं येतंय. केबल सोबत मिळते, पण स्पीकर आत नाही, तेवढं बजेट वेगळं धरा. सिस्टीमचा आवाज पूर्ण बंद करून कान जवळ न्या एकदा, सुईतूनच बारीक गाणं ऐकू येतंय, मला त्याची अजून गंमत वाटते.

कमी काय तर कार्ट्रिज बदलता येत नाही, फक्त सुई बदलता येते, आणि भार कमी-जास्त करायची सोय नाही. नवख्याला हे बरंच आहे म्हणा, नाणं ठेवणारे हात आमच्या घरात आहेत. सुई साधारण चारशे-पाचशे तासांनी बदलायची, रोज एक एलपी लावली तर दीड-दोन वर्षं.

पण माझी खरी फजिती ट्रंकेतच होती. निम्म्या रेकॉर्डी जाड, जड, टिचकी मारली की थाळीसारख्या वाजणाऱ्या. त्या ७८ च्या, लाखेच्या. एलपी आली १९४८ साली, त्याआधीचा सगळा माल हाच. हा प्लेअर ३३ आणि ४५ च फिरतोय, ७८ नाही. आणि स्पीड असता तरी भागलं नसतं, ७८ ची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद, तिला चौपट जाड टोकाची सुई लागते, एलपीची बारीक सुई तळाला खरवडत जाते. तुमच्याकडं ७८ जास्त असतील तर एलपी१२०एक्स बघा, त्यात ७८ आहे, वेगळी सुई बसवता येते, पैसे मात्र बरेच जास्त. आणि लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. पावसाळ्यात बुरशी धरली तर साधं पाणी, मऊ फडकं, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, बास.

प्लेअर कुठं ठेवायचा यावर पण लिहायला पाहिजे. आमच्या शेजारी यंत्रमाग आहेत. वडगाव-शहापूरकडच्या लोकांना सांगायला नको, माग चालू झाले की ताटातली वाटी हलते. टेबलावर ठेवला तर खर्जात सारखं धडधड धडधड, तबल्याला अजून एक साथीदार. शेवटी भिंतीतल्या कोनाड्यात कडप्पा घालून त्यावर बसवला, नव्वद टक्के गेलं.

उरलेले दहा टक्के जायचे तर माग बंद पाहिजेत. ते बंद होतात लाईट गेली की, सगळी गल्ली चिडीचूप होते, रेकॉर्ड ऐकायला त्यासारखी वेळ नाही. आणि नेमकी तेव्हाच थाळी पण हळू व्हायला लागते, लताबाईंचा आवाज उतरत उतरत गंगूबाई हनगलांच्या पट्टीत जातोय आणि थांबतोय. दांडा तसाच रेकॉर्डवर राहतोय, तो तेवढा आठवणीनं लिव्हरनं उचलून ठेवा.