कॅरॅव्हॅनची कपाटं: रंग की चिकटवायचं व्हिनाइल?

कॅरॅव्हॅनमधली, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतली, कपाटं बहुतेक वेळा हलक्या प्लायची असतात आणि त्यावर कागदासारखं पातळ फिनिश असतं, म्हणून घरातल्या लाकडी कपाटासारखं घासायला गेलात तर ते फिनिशच निघून येतं. रंग द्यायचा असेल तर आधी तेलकटपणा नीट पुसा, मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने फिरवा, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर मारा आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात, आणि हात लावून कोरडा वाटला तरी रंग पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात हो, तोवर दारं जपून वापरा.

व्हिनाइल, म्हणजे मागून चिकट असलेली प्लास्टिकची शीट, एका दिवसात लावून होतं, रंगासारखा वासही नाही. पण गाडी उन्हात तापली की कडा सुटायला लागतात, त्यामुळे शीट दाराच्या मागच्या बाजूला वळवून हेअर ड्रायरने गरम करून दाबायचीच. शेगडीजवळ मात्र व्हिनाइल नकोच, तिथे उष्णतेने ते आकसतं.

मला विचाराल तर रंगच. ओरखडा पडला तर तेवढाच भाग टचअप होतो, व्हिनाइल फाटलं की अख्खी शीट बदला. फक्त भाड्याची गाडी असेल तर व्हिनाइल, तेही मालकाला विचारून.