कोल्हापूर-पुणे हायवेवर ६०, ८० की १००? पेट्रोल, वेळ आणि जोखमीचा हिशेब

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून एक सल्ला सारखा ऐकू येतो: हायवेला गाडी साठनं चालवा, अ‍ॅव्हरेज मस्त मिळतं. यातला अर्धा भाग खरा आहे. वेग उतरवला की इंधन वाचतं, यात शंका नाही. पण कुठून कुठे उतरवला की किती वाचतं, त्यासाठी किती वेळ जातो आणि मागून येणाऱ्या लोडेड ट्रकचं काय करायचं, हे त्या सल्ल्यात नसतं. म्हणून राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे आपला जुना एनएच ४, डोळ्यासमोर ठेवून ही तुलना केली आहे.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. कार असेल तर दिवसा ८०, तेही डाव्या लेनमधून. १०० वरून ८० वर येण्यात खरा फायदा आहे. ८० वरून ६० वर येण्यात फायदा थोडा आणि धोका बराच आहे. रात्रीचं, दुचाकीचं आणि इलेक्ट्रिक गाडीचं उत्तर वेगळं आहे, ते पुढे येईल.

पैशाचा आणि मिनिटांचा हिशेब

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. त्यातून किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे चार टोल, खंबाटकी घाट, रुंदीकरणाची डायव्हर्जन्स आणि गावांजवळची गर्दी वजा करा. मनासारखा वेग धरून चालता येईल असा रस्ता १६० किलोमीटर उरतो असं धरू. उरलेल्या ७० किलोमीटरमध्ये तुम्ही कितीही वेगाचे भक्त असलात तरी फरक पडत नाही.

गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, चार माणसं, एसी चालू, पेट्रोल १०५ रुपये. अ‍ॅव्हरेजचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे कसे काढायचे ते शेवटी सांगितलं आहे.

| वेग (ताशी किमी) | अ‍ॅव्हरेज (लिटरला किमी) | १६० किमीला पेट्रोल | वेळ |
|---|---|---|---|
| १०० | १८ | ८.९ लिटर | १ तास ३६ मिनिटं |
| ८० | २२ | ७.३ लिटर | २ तास |
| ६० | २४.५ | ६.५ लिटर | २ तास ४० मिनिटं |

आता फरक बघा. १०० वरून ८० वर आलात तर २४ मिनिटं जास्त लागतात आणि सुमारे १७० रुपये वाचतात. म्हणजे मिनिटाला सात रुपये. ८० वरून ६० वर आलात तर आणखी ४० मिनिटं जातात आणि वाचतात जेमतेम ७८ रुपये. मिनिटाला दोन रुपयेसुद्धा नाहीत. निर्णय याच आकड्यावर घ्यायचा. किती लिटर वाचले एवढंच बघितलं तर ६० चांगलं वाटतं. मिनिटाचा भाव काढला की ते महाग पडतं.

उंच एसयूव्ही असेल तर पहिल्या टप्प्याचा फायदा आणखी मोठा. समजा डिझेल एसयूव्ही १०० ला १२ चं आणि ८० ला साडेपंधराचं अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेल ९२ रुपये आहे. तेवढ्याच १६० किलोमीटरला तीन लिटर वाचतात, म्हणजे पावणेतीनशे रुपये. गाडी जेवढी उंच आणि चौकोनी, तेवढी १०० ची किंमत जास्त.

रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला कारनं जाणाऱ्यांनीही हा हिशेब करून बघावा. एका बाजूला २० किलोमीटर धरले तर १०० आणि ८० मध्ये तीन मिनिटांचा फरक आहे. जाऊन-येऊन रोजचे ४२ रुपये, महिन्याचे २५ दिवस धरले तर हजाराच्या वर.

असं का होतं

८० च्या पुढे इंजिनाची बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेचा हा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चे १०० केले तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा जोर दीडपटीहून जास्त, ५६ टक्क्यांनी वाढतो. टायरचं घर्षण मात्र वेगानुसार फारसं बदलत नाही.

मग ६० ला अ‍ॅव्हरेज तसंच चढत का नाही? कारण इंजिनाचा स्वतःचा खर्च किलोमीटरवर नसतो, मिनिटावर असतो. आतलं घर्षण, अल्टरनेटर, कूलंट पंप, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं गाडी चालू आहे तोवर पेट्रोल खातं. तेच १६० किलोमीटर काटायला ६० च्या वेगानं एसी ४० मिनिटं जास्त चालतो. हवेत वाचवलेल्यातलं बरंच इथे परत जातं. शिवाय छोट्या पेट्रोल इंजिनाला ६० च्या वेगाला टॉप गिअरमध्ये चढ आला की दम लागतो. गाडी थरथरायला लागते, खाली गिअर टाकावा लागतो, रेस जास्त द्यावी लागते. अशा वेळी टॉप गिअर धरून बसणं ही बचत नाही. इंजिन गुरगुरतंय असं वाटलं की निमूटपणे चौथा टाका.

बीएस ६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यावाल्यांना आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. आठवडाभर शाहूपुरी ते रंकाळा असं फिरणारी गाडी हायवेलाही ६० वर, कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओढत नेली तर हे जळणं अर्धवट राहतं आणि कधीतरी डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. दोन हजार आरपीएमच्या आसपास, वीसएक मिनिटं सलग ८० चा प्रवास या फिल्टरला मानवतो.

जोखमीची बाजू

२०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १००, मालवाहू गाड्यांना ८० आणि दुचाकीला ८० ची मर्यादा आहे. स्थानिक पाटीवर कमी आकडा असेल तर तोच खरा. सलग १०० धरणारा म्हणजे कायद्याच्या काठावर चालणारा. त्याची चूक सावरायला जागा उरत नाही.

६० वाल्याचा धोका वेगळा आहे. रिकामा किंवा हलका ट्रक सपाटीला ७०-८० नं येतो. तुम्ही ६० वर असाल तर तो मागे चिकटतो, डिपर मारतो आणि शेवटी डावीउजवीकडून वाट काढतो. प्रत्येक ट्रक, प्रत्येक एसटी तुम्हाला ओव्हरटेक करते, आणि ती जागा तुमच्या नाही, त्यांच्या अंदाजावर ठरते. ८० वर असलात तर बहुतेक अवजड गाड्या तुमच्या बरोबरीनं किंवा मागे राहतात आणि ओव्हरटेक कधी करायचा ते तुम्ही ठरवता. उजव्या लेनमध्ये ६० किंवा ७० नं चालणं तर पूर्णपणे चूक. मागचा मग डावीकडून घुसतो, आणि या रस्त्यावर डावीकडे दुचाकी असते, नाहीतर राँग साइडनं येणारी गाडी.

८० वाल्यानंही ओव्हरटेक रेंगाळत करू नये. ६० नं चाललेल्या ट्रकला ८० नं ओलांडायला, मागचं-पुढचं अंतर धरून शंभरेक मीटर पुढे सरकावं लागतं, त्याला १८ सेकंद लागतात. तेवढा वेळ तुम्ही चाकांच्या शेजारी. ९५ पर्यंत नेऊन ओलांडलं तर दहा सेकंदांत काम होतं. आरसा, इंडिकेटर, उजवी लेन, ट्रक पूर्ण आरशात दिसला की परत डावीकडे आणि परत ८०. यात जाणारं पेट्रोल चमचाभर, तिथे कंजुषी करू नका.

आणखी दोन सवयी बचतीच्या नावाखाली चालतात, त्या आजच सोडा.

पहिली, ट्रकच्या मागे चिकटून चालणं. हवा कमी लागते, अ‍ॅव्हरेज वाढतं, हे खरं आहे. पण त्यासाठी दहा मीटरवर राहावं लागतं, आणि ८० च्या वेगाला दहा मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी ट्रकखाली असते. किमान तीन सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे ८० ला सुमारे ६७ मीटर.

दुसरी, उतारावर न्यूट्रल. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेल्या अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन किती जीव गेले, हे पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारच्या बाबतीत तर त्यात बचतही नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि गाडीतला कॉम्प्युटर इंधन बंद करतो. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं स्वस्त आणि ब्रेकही थंड राहतात. खंबाटकीच्या उताराला तिसरा किंवा चौथा, कात्रजच्या उताराला पाटीवरचा वेग धरवेल तो गिअर.

रात्री आणि उसाच्या हंगामात

इथे मात्र आम्ही ६०-६५ च सांगू, आणि त्याचा पेट्रोलशी संबंध नाही. कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंदात ब्रेक दाबला असं धरून, गाडी थांबायला ६० ला सुमारे ४५ मीटर लागतात, ८० ला ७० आणि १०० ला ९७ मीटर. लो बीमचा कामाचा उजेड पन्नासेक मीटरचा. म्हणजे ८० ला तुम्ही उजेडाच्या पलीकडे थांबणार.

हंगाम सुरू झाला की वाठार, पेठ नाका, कराड या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर १५-२० च्या वेगानं डाव्या लेनमध्ये असतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो आणि मागचा रिफ्लेक्टर त्या पाल्याखाली झाकून जातो. पंक्चर झालेली ट्रॉली जागेवरच उभी, मागे दोन दगड आणि झाडाची एखादी फांदी, दिवा नाही. म्हणून रात्री निघण्याआधी पुढची काच आणि हेडलाइट पुसा, मागचे दोन्ही टेललॅम्प लागतात का बघा, कारण तुम्ही हळू चालणार आणि मागच्याला तुम्ही दिसायला हवेत. जमलं तर कोल्हापूरहून पहाटे उजाडताना निघा. रात्रीचा हा सगळा प्रश्नच टळतो.

दुचाकी आणि इलेक्ट्रिक

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीला जाणाऱ्यांना ५०-५५ हाच योग्य वेग. दुचाकीवर माणूसच हवेला आडवा बसलेला असतो, त्यामुळे ८० ला हे इंजिन जवळपास पूर्ण रेसवर जातं आणि अ‍ॅव्हरेज झपाट्यानं पडतं. पण हा वेग मुख्य लेनमध्ये चालवायचा नाही. सर्व्हिस रोड आहे तिथे सर्व्हिस रोड, नाही तिथे अगदी डावी कड.

इलेक्ट्रिक कारमध्ये हळू चालणारा आधी पोहोचू शकतो. समजा गाडी ८० ला २८० किलोमीटर आणि १०० ला २२० किलोमीटर जाते. १०० वाल्याला पुण्याच्या अलीकडे चार्जिंगला थांबावं लागणार, रांग नसली तरी अर्धा तास. वेगानं कमावलेली २४ मिनिटं तिथेच गेली. ८० वाला पन्नास किलोमीटर शिल्लक ठेवून थेट पोहोचतो.

वेग न उतरवता मिळणारी बचत

टायरची हवा गाडी थंड असताना, घराजवळच्या पंपावर बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, चार माणसं आणि सामान असेल तर तोच. साताऱ्याला तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते, ती काढू नका. टपावरचा कॅरिअर रिकामा असेल तर उतरवून ठेवा. ८० ला काचा बंद आणि एसी चालू, गावात ४० च्या खाली काचा उघड्या.

तुमच्या गाडीचा आकडा कसा काढायचा

डॅशबोर्डवरच्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नका, ते बहुधा थोडं वाढवून दाखवतं. स्पीडोमीटरही तसाच. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा, काटा १०० वर असताना खरा वेग बऱ्याचदा ९५ च्या आसपास असतो. निघताना टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, वर आणखी भरून राउंड फिगर करू नका. ट्रिप मीटर शून्य करा. पुण्याला जाऊन परत या आणि त्याच पंपावर, त्याच बाजूच्या नोझलनं, तसंच पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. कोल्हापूर आणि पुणे समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळे जाऊन-येऊन केलेलं मोजमाप चढउतारानं बिघडत नाही. एक फेरी ८० नं, एक ९५-१०० नं, माणसं आणि सामान तेवढंच, पाऊस नसताना. ही सरासरी टोल-घाटासकट पूर्ण रस्त्याची असते, म्हणून दोन फेऱ्यांत लागलेल्या लिटरमधला फरक काढा, त्याला पेट्रोलच्या भावानं गुणा आणि दोन फेऱ्यांच्या वेळेतल्या फरकानं भागा. मिनिटाला किती रुपये पडतात ते तुमच्या गाडीचं खरं उत्तर.