उडत्या पक्ष्यांसाठी सोनी २००-६००: नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर

लेन्स घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: सहाशे मिलिमीटरला शार्प आहे का? सोनीची एफई २००-६०० एफ/५.६-६.३ जी ओएसएस सहाशेला, अपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं असतानाही, चांगली शार्प आहे. एफ/८ केलं तर थोडा फरक पडतो, पण त्यासाठी शटरचा वेग घालवू नये. उडत्या पक्ष्यांसाठी तिचं खरं मोल दुसरीकडे आहे. झूम करताना ती लांब होत नाही आणि पाव फेरीच्या आत २०० वरून ६०० वर जाते.

गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे पाणी उथळ पसरतं, म्हणून नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) उभं राहिलं. थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक पाण्यावर निवांत बसलेले असतात. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून कमी उंचीवर तरंगत येतो आणि अख्खा थवा एकदम उठतो. भोवत्यासाठी ६०० हवं, थव्यासाठी ३००, आणि मध्ये वेळ जेमतेम एका श्वासाचा. इथे झूमची रिंग मनगटाच्या एका हालचालीत फिरते. लांबी ३१८ मिलिमीटरच राहत असल्यामुळे वजनाचा तोल ढळत नाही, डाव्या हाताला जागा बदलावी लागत नाही. निफाडच्या बागा-उसातल्या रस्त्यांवरची धूळही, बाहेर सरकणाऱ्या नळीच्या लेन्समध्ये शिरते तशी, आत खेचली जात नाही.

फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं लेन्सवरचं बटण) १० मीटर ते अनंतवर ठेवा. ‘फुल’वर असताना फोकस एकदा जवळच्या पाणकणसावर अडकला की लेन्स पार २.४ मीटरपर्यंत शोधत जाते. परत येईपर्यंत पक्षी गेलेला असतो. सोनीच्या ए७ फोरसारख्या कॅमेरा बॉडीवर पक्ष्यांचं सब्जेक्ट रेकग्निशन, एएफ-सी (सतत चालू राहणारा फोकस) आणि झोन ट्रॅकिंग पुरेसं आहे. मागे गवत असेल तर ट्रॅकिंगची संवेदनशीलता एक पायरी कमी करा, म्हणजे फोकस पक्षी सोडून मागे उडी मारणार नाही. शटर मात्र मेकॅनिकलच हवा. या बॉडीचा सेन्सर सावकाश वाचला जातो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये फडफडणारे पंख वाकडे येतात.

चित्रबलाकाला शटरचा वेग १/१२५० सेकंद चालतो, बदकांना १/२५०० च्या खाली जाऊ नये, नदी सुरयाला १/३२०० द्या. सकाळच्या स्वच्छ उन्हात एफ/६.३, १/२५०० ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) साधारण ६४० ते ८०० लागतो. ऊन स्थिर झालं की आयएसओही हातानेच बांधून टाकावा. ऑटोवर ठेवला तर पक्षी आकाशातून काळपट गवतासमोर आला की मीटर हेलकावतो आणि पंख पांढरेफटक होतात. बगळा किंवा चमचा (स्पूनबिल) असा पांढरा पक्षी आला तर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. आडव्या उडणाऱ्या पक्ष्याला ओएसएस (लेन्समधली थरथर रोखणारी यंत्रणा) मोड २, सुरयासारख्या वेड्यावाकड्या उडणाऱ्याला मोड ३. या वेगांना ओएसएसचा उपयोग मुख्यतः व्ह्यूफाइंडर शांत ठेवण्यापुरता.

लेन्सवर जितका राग निघतो, त्यातला बराचसा हवेवर निघायला हवा. दहा वाजल्यानंतर चिखल आणि उथळ पाणी तापतं, हवा थरथरते, आणि शंभर मीटरवरच्या चक्रवाकाची पिसं मऊ पडतात. तिथे आयएसओ, अपर्चर, महागडी बॉडी कशाचाच इलाज नाही. अंतर कमी असेल तरच फोटो घ्यावा. निफाडच्या थंडीत आणखी एक भानगड होते. हीटर लावलेल्या गाडीतून लेन्स थेट बाहेर काढली की तिच्या लांब हूडमध्येच गरम हवा थरथरत राहते आणि पहिले बरेच फोटो मऊ येतात. लेन्स डिकीत ठेवा, पोहोचल्यावर अर्धा तास हूड काढून बाहेर राहू द्या. गाडीच्या बॉनेटवरून, तापलेल्या पत्र्यावरून तर फोटो घेऊच नका.

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतात. म्हणून ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असतील अशी जागा धरली की पक्षी उठताना आपल्याकडे येतो. दगड मारून, टाळ्या वाजवून थवा उठवणारे अजूनही दिसतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकांची ती शक्ती आहे, ती आपल्या फोटोसाठी खर्च करू नये. भोवत्या त्याचं काम करतोच.

आता तक्रारी. ट्रायपॉड कॉलर सोडून वजन २११५ ग्रॅम. ए७ फोर लावली की पावणेतीन किलो. हातात धरून थोड्या वेळाने खांदा उतरतो. लेन्सच्या ट्रायपॉड-पायाला आर्का (ट्रायपॉडच्या डोक्यात थेट बसणाऱ्या) खाचा नाहीत, त्यामुळे गिंबलसाठी (जड लेन्स मोकळी फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) वेगळी प्लेट किंवा बदली पाय घ्यावाच लागतो. ३०० च्या पुढे अपर्चर एफ/६.३ होतं, म्हणजे धुक्याच्या पहाटे आयएसओ चढणार. १.४ पट टेलिकन्व्हर्टर मध्ये जोडला की ८४० मिळतं पण एफ/९ वर. बसलेल्या पक्ष्याला ठीक, उडत्याला नको.

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) टिपायला हीच लेन्स चालते, पण बोटीत ट्रायपॉड लावू नका, इंजिनाची थरथर सरळ वर चढते. परतल्यावर खारं पाणी ओलसर फडक्याने पुसा.

सिग्माची १५०-६०० आणि टॅमरॉनची १५०-५०० याही चांगल्या आहेत, पण सोनीच्या ए१ किंवा ए९ या वेगवान बॉडींवर त्या सेकंदाला १५ फ्रेमवर अडतात आणि सोनी माउंटवर टेलिकन्व्हर्टर घेत नाहीत. ए७ फोरचा वेग मुळातच त्याहून कमी, म्हणून ए७ फोरवाल्यांना त्यातल्या वेगाच्या अडचणीचा फरक पडणार नाही.

वापरलेली घेत असाल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून बुरशीचे धागे पाहा, रिंग दोन्ही टोकांना सारखीच फिरते का तपासा, आणि विटांच्या भिंतीचा ६०० ला फोटो घेऊन चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर ती लेन्स सोडा.