इंदूर-रीवा छोट्या विमानाने: चार तारे

सहा सीटचं विमान. काउंटरवर आधी बॅग वजनकाट्यावर, मग आपण! आमच्या वन्संनी वजन सांगताना आवाज इतका खाली आणला की काउंटरवरच्या मुलाने पुन्हा विचारलं. पण ते लागतंच, विमानाचा तोल कोण कुठे बसतं त्यावर असतो. मला वैमानिकाच्या मागची जागा मिळाली, समोरचे सगळे काटे दिसत होते.

जाताना धुक्यामुळे उड्डाण तीन तास लांबलं. लोक काउंटरवर भांडत होते, मी गप्प बसले. जानेवारी २०२३ मध्ये याच रीव्याला, चोरहटा धावपट्टीजवळ, रात्री धुक्यात शिकाऊ विमान मंदिराच्या कळसाला धडकलं होतं. प्रशिक्षक वैमानिक गेले, शिकणारा जखमी झाला. त्यामुळे वैमानिकाने "धावपट्टी दिसल्याशिवाय नाही" म्हटलं, तेव्हाच मी मनात तीन तारे देऊन टाकले. चौथा खिडकीतून दिसलेल्या नर्मदेचा.

पाचवा कापला, कारण तीन तासांत साधा चहा कुणी विचारला नाही. इंदुरात राहून ही तऱ्हा! गुडघे दुखत असतील तर मात्र जपून, शिडी अरुंद आहे आणि आत वाकूनच जावं लागतं.